पेन्शन त्यांची, बिल कुणाचं?

महिनाअखेरीस ऑफिसच्या कँटीनमध्ये एक डायलॉग हमखास ऐकू येतो, ‘आपण टॅक्स भरायचा आणि सरकारी बाबूंनी पेन्शन खायची!’ टाळ्या मिळतात, पण बॉस, मामला इतका सोपा नाहीये.

जुनी पेन्शन म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. त्यासाठी पगारातून दमडीही कापली जात नाही. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती बंद झाली. त्यांचे दहा टक्के कापून, सरकारचा वाटा घालून पैसे बाजारात गुंतवले जाऊ लागले. मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, ते याचसाठी.

माझी आतेबहीण शिक्षिका, २००८ची भरती. तेव्हा तिला छेडलं, ‘ताई, आमच्या पैशावर का?’ ती म्हणाली, ‘अरे, टॅक्स मीपण भरते. शेजारच्या वर्गातल्या बाईंना निम्मा पगार पक्का, मला मार्केट देईल ते. शिकवतो दोघी सारखंच ना?’

मुद्द्यात दम आहे. आपली पोटदुखीही खोटी नाही. खासगी नोकरीतल्या ईपीएस पेन्शनसाठी २०१४ साली पगाराची मर्यादा ठरली १५ हजार. त्या हिशेबाने ३५ वर्षं घासूनही हाती महिना साडेसात हजार!

पण खरी गोम वेगळीच आहे. जुन्या पेन्शनमध्ये सही आज होते आणि बिल तीस वर्षांनी येतं. सही करणारा मंत्री तेव्हा खुर्चीत नसतो आणि पैसे भरणारा आज नर्सरीत असतो. त्याला कोण विचारणार?

म्हणून मला ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेली आणि राज्यानेही लगोलग उचललेली ‘यूपीएस’ बरी वाटते. २५ वर्षं नोकरी केली, की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन. पण कर्मचारीही दहा टक्के भरणार आणि केंद्राने आपला वाटा ठरवलाय साडेअठरा टक्के. थोडक्यात, बिलाचा मोठा हिस्सा दर महिन्याला दिसणार.

पेन्शन द्या, जरूर द्या. फक्त बिल आत्ता दाखवा. युनियन मोर्चा काढते, आपण जोक फॉरवर्ड करतो. मग सरकार ऐकणार कुणाचं? राज्याचं पुढचं बजेट आलं, की तीनच आकडे शोधा: वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज. आणि मत मागायला येणाऱ्याला तेवढंच विचारा.