‘नवाच घ्या’ या सल्ल्याचा समाचार

सहा-सात वर्षांपूर्वी पंचवीस-तीस हजारांना घेतलेला लॅपटॉप दुकानात नेला की काउंटरपलीकडून बहुधा एकच उत्तर येते : “याच्यावर खर्च करू नका, आता नवाच घ्या.” घरातली कॉलेजात जाणारी मुले तेच सांगतात, ऑफिसातले जाणकारही तेच सांगतात. इतक्या तोंडांतून आलेला सल्ला तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. मला तो चुकीचा वाटतो; आणि ज्या घरात एकाच लॅपटॉपवर दोन मुलांचा अभ्यास आणि आईबापांची कामे चालतात, त्या घराचे तर तो नुकसानच करतो.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा हिशेबाचा. “विकायला काढला तर पाच हजारही येणार नाहीत, मग त्यात चार हजार कशाला घालायचे?” ऐकायला बिनतोड आहे, पण तुलना भलत्याच आकड्याशी आहे. ज्याला विकायचे आहे त्याने विक्रीची किंमत पाहावी. ज्याला वापरायचे आहे त्याने एवढेच पाहावे, की दुरुस्ती न केल्यास खिशातून किती जाणार. तो आकडा तीस-पस्तीस हजारांचा आहे. चार हजारांत आणखी तीन वर्षे काम निघत असेल, तर हा व्यवहार तोट्याचा कसा?

दुसरा मुद्दा जास्त पसरलेला आहे : “मशीन जुनं झालं, आता ते हळूच चालणार.” इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ इथे आहे. प्रोसेसर वयामुळे मंदावत नाही. २०१६ ते २०१९ च्या सुमारास विकल्या गेलेल्या स्वस्त लॅपटॉपांपैकी बऱ्याचशांत ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क असे. या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते. तबकडीवरची एक जागा गाठायला वाचणाऱ्या दांडीला १५-२० मिलिसेकंद लागतात. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फायली वाचते. त्यात अपडेट आणि अँटिव्हायरस त्याच डिस्कवर तुटून पडतात, रॅम अपुरी पडली की तिचे ओझेही डिस्कवरच येते. टास्क मॅनेजर उघडून पाहा : प्रोसेसर बराचसा रिकामा आणि डिस्क १०० टक्के, असे दृश्य हमखास दिसेल. अशा वेळी नुसता ‘फॉरमॅट मारून’ चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. त्याच जागी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवली, की फिरणारे काही उरत नाही आणि फाईल गाठायचा वेळ मिलिसेकंदाच्याही अंशावर येतो. जोडीला रॅम ८ जीबी केली, तर ऑनलाइन वर्ग, टायपिंग, बँकेची कामे यांसाठी हे यंत्र पुरून उरते. जुन्या डीडीआर-३एल रॅमची पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधली की सेकंडहँडही सापडते. व्होल्टेज आणि जात पाहून घ्यावी, एवढेच.

मंदपणाचे दुसरे कारण उष्णता. पंख्यामागच्या बारीक जाळीत धूळ आणि केस यांचा नमदा बसतो, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत होते. मग तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग उतरवतो. वापरणाऱ्याला वाटते, यंत्र थकले. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात तर हे विशेष जाणवते. ब्रश, थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेस्टची एक नळी एवढ्यावर हा रोग बरा होतो.

“पण घरी उघडायचं म्हणजे धोका!” हा तिसरा आक्षेप. धोका आहे, पण तो ओळखीचा आणि टाळता येण्याजोगा आहे. एचपी, डेल, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका कंपन्यांनीच फुकट उपलब्ध केलेली आहे. कुठला स्क्रू रबरी पायाखाली लपला आहे, हेही तीत चित्रासह असते. मशीन पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, झाकण उघडताच सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडून ठेवावेत, कारण आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो. रिबन केबल ओढायची नाही. आधी तिची चिमुकली खिट्टी नखाने उचलायची. हीट सिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने ते आवळायचे. दहावीच्या मुलालाही हे जमते, आणि त्याला ते जमावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. बिजागरी कडक झाली असेल, तर प्लास्टिकमध्ये रुतवलेले पितळी नट उपटून येण्याआधीच तिचा स्क्रू किंचित सैल करावा, आणि पडदा कोपऱ्याला न धरता मधोमध धरून उघडावा.

एका बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे मी पूर्ण ऐकतो. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. बदलून अधिकृत संकलकाकडे द्यावी, भंगारात नव्हे.

चौथा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालती यंत्रे बाद ठरली. पण यातून ‘नवा घ्या’ हे सिद्ध होत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळतात, मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. ज्यांचे पोट टॅलीवर किंवा श्रीलिपीवर आहे, त्यांनी विंडोज सोडू नये. वाढीव मुदतीची नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा वेळ घ्यावा आणि पुढचे ठरवावे.

राहता राहिली ती यंत्रे, ज्यांत ३२ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागची साठवण) आणि रॅम दोन्ही मदरबोर्डवर डाग देऊन पक्की केलेली असतात. त्यांच्यात घरी बदलण्याजोगे फारसे काही नसते, हे मान्य. पण हा दोष वयाचा नव्हे, ती पहिल्या दिवसापासून तशीच बांधलेली होती आणि खोक्यावर ते कोणी ठळक छापले नव्हते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढले. आता खोक्यावर तीन ओळी सक्तीच्या कराव्यात : रॅम बदलता येते का, डिस्क बदलता येते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील.