न बांधलेल्या रुग्णालयातील फेरफटका
रुग्णालयाचा नकाशा वास्तुविशारदाला वाचता येतो; तेथे रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला तो क्वचितच उमगतो. संमती मात्र तिच्या विभागाकडून घेतली जाते! व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीने ही दरी बुजू शकते. शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाची १९९२ची ‘केव्ह’ ही भिंतींवर त्रिमित दृश्य उभे करणारी खोली महागडी होती. २०१६मध्ये ऑक्युलस रिफ्टसारखे शिरस्त्राणवजा संच बाजारात आले आणि तंत्र आवाक्यात आले. आता परिचारिका न बांधलेल्या अतिदक्षता विभागात वावरून सांगू शकते, की आपल्या टेबलावरून रुग्णाचा चेहराच भिंतीआड जातो. भिंत कागदावर असेतो हलवता येते. स्ट्रेचर वळवण्याचे कष्ट अर्थात या संचातून कळत नाहीत. तिथे पुठ्ठ्याची पूर्णाकृती खोलीच बरी. कळीचा मुद्दा वेळेचा आहे. आराखडा पक्का झाल्यावर परिचारिकेला वा सफाई कामगाराला बोलावले, तर ते केवळ प्रेक्षक उरतात.