न जुळणारी सही

बँकेच्या नोकरीत माणसाआधी त्याच्या सहीचा परिचय होतो. घाटकोपरच्या शाखेत असताना, 2000 पूर्वी, भांड्यांच्या एका व्यापाऱ्याचे धनादेश ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यानिशी परत जाऊ लागले. पानभर आकड्यांची बेरीज तोंडी करणारे ते गृहस्थ साध्या हिशेबात अडखळू लागले होते. व्यसन जडले असावे, असा तर्क करून आम्ही मोकळे झालो. पुढे त्यांच्या चिरंजीवांनी केबिनचे दार लोटून हलक्या आवाजात सांगितले, वडिलांना एचआयव्हीची बाधा आहे.

हा विषाणू प्रतिकारशक्ती पोखरतो, एवढेच मला ठाऊक होते. तो संसर्गानंतर काही आठवड्यांतच मेंदूतही पोहोचतो, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने तिजोरीच्या दारासारखा अडसर ठेवला आहे. रक्तातील काही पांढऱ्या पेशींना मात्र तेथे प्रवेश असतो. विषाणू त्यांच्याच पोटात दडून आत शिरतो आणि मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत ठाण मांडतो. पहारेकरीच फितूर झाल्यावर कुलपाचा काय उपयोग! नवल असे की, विचार वाहून नेणाऱ्या चेतापेशींना तो सहसा शिवत नाही. बाधित पेशींतून पाझरणारी विषाणूची प्रथिने आणि दाहक द्रव्ये चेतापेशींमधील जोडण्या खिळखिळ्या करतात. त्यातून विसराळूपणा येतो, विचार मंदावतो, हाताचे वळण बिघडते.

भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात ‘टॅट’ या प्रथिनाची घडण किंचित निराळी असते. त्यामुळे आपल्याकडे मेंदू बचावत असावा, अशी आशा काही संशोधकांना होती. परंतु बंगळुरूच्या निम्हान्समधील रुग्णांतही बुद्धिव्यापारातील सौम्य दोष आढळलेच. औषधांनी रक्तातील विषाणू दबतो, बुद्धीही बरीच सावरते. मेंदूतील त्याचे बस्तान मात्र पूर्णपणे उठत नाही. म्हणून उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे.

1 एप्रिल 2004 पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. पहिल्या केंद्रांत आपले जे. जे. रुग्णालय होते. 2017 च्या कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास आणि रुग्णाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. 1097 या क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. व्यापारी घराण्यांत सोयरिकीच्या धास्तीने मौन पाळले जाते, हे मी जाणतो. त्या चिरंजीवांनीही सर्वप्रथम हेच विचारले होते, ‘साहेब, हे फाइलवर लिहावे लागेल का?’

लिहिले नाही. नव्या सहीचा नमुना घ्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. एका सहीला त्यांना दहा मिनिटे लागली.