चौथ्या नंबरचा क्वार्टरबॅक

ज्या मॅचचा निकाल कुठेच धरला जात नाही, त्या मॅचवर एखाद्याचं करिअर ठरावं का? अमेरिकेतल्या एनएफएलमध्ये दर ऑगस्टला हेच चाललेलं असतं. प्रीसीझन म्हणजे मोसमाआधीचे सराव सामने, प्रत्येक टीमला साधारण तीन. पॉइंट टेबल नाही, जिंकलात तर कौतुक नाही, हरलात तर दुःख नाही. मोठे स्टार तर बहुतेक वेळा टोपी घालून कडेला उभे असतात. तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त चघळली गेली ती याच मॅचेसमधली एका २३ वर्षांच्या पोराची कामगिरी. आपल्याकडेही नेटफ्लिक्सवरची ‘क्वार्टरबॅक’ मालिका बघून या खेळाच्या नादी लागलेल्यांच्या फीडमध्ये तेव्हा तीन आठवडे तोच होता. शेडूर सँडर्स, क्लीव्हलंड ब्राउन्स.

ज्यांच्यासाठी फुटबॉल म्हणजे मेस्सी, त्यांच्यासाठी थोडक्यात. हा हेल्मेटवाला, लांबट बॉलचा फुटबॉल. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. दोन-तीन सेकंदांत समोरची फळी वाचायची, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि अंगावर येणाऱ्या सव्वाशे किलोच्या माणसाने आडवं करायच्या आत बॉल सोडायचा. टीममध्ये ही जागा एकच. बॅट्समन सात असू शकतात, क्वार्टरबॅक एकच खेळतो. बाकीचे बसून राहतात.

सँडर्सची गोष्ट एप्रिलपासूनची. वडील डिऑन सँडर्स हॉल ऑफ फेममधले, कॉलेजात कोचही तेच. पोराला पहिल्या फेरीतच कुणीतरी उचलेल, असं भलेभले सांगत होते. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला, १४४ व्या नंबरवर. त्याला घेणाऱ्या ब्राउन्सनी आधीच ९४ व्या नंबरवर दुसरा एक रूकी क्वार्टरबॅक घेतला होता, डिलन गॅब्रिएल. वर ४० वर्षांचा जो फ्लॅको आणि केनी पिकेट होतेच. म्हणजे जागा एक, उमेदवार चार, आणि सँडर्स रांगेत शेवटचा.

८ ऑगस्टला कॅरोलायनाविरुद्ध पिकेट आणि गॅब्रिएल दोघेही दुखापतग्रस्त होते, म्हणून सुरुवात सँडर्सला मिळाली. २३ पैकी १४ पास पूर्ण, १३८ यार्ड, दोन टचडाउन. झालं! १४३ वेळा चूक केली म्हणून सगळ्या टीम्सना शिव्या सुरू. मग २३ ऑगस्टला रॅम्सविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये तो उतरला. ६ पैकी ३ पास, १४ यार्ड, पाच वेळा सॅक. शेवटच्या ड्राइव्हला कोच केव्हिन स्टेफान्स्कींनी त्याला बाहेरच ठेवलं. मग तीच मंडळी म्हणू लागली, ‘बघा, पाचव्या फेरीचाच होता.’

दोन्ही वेळा निकाल देणाऱ्यांची घाई सारखीच. प्रीसीझनच्या दुसऱ्या हाफमध्ये मैदानावर कोण असतं? क्वार्टरबॅकचं रक्षण करायला टीममधली तिसरी फळी आणि समोरही तिसरी फळी. दोन्हीकडचे बरेच जण आठवड्याभरात बेकार होणार असतात. त्यात पाच सॅक झाले, तर दोष बॉल हातात धरून ठेवणाऱ्याचा किती आणि समोरची भिंत पडू देणाऱ्यांचा किती? थोडा त्याचाही आहे. बॉल लवकर सोडत नाही ही तक्रार त्याच्याबद्दल कॉलेजपासूनच होती. पण तेवढ्यावरून शिक्का मारायचा?

त्याहून मोठी गोष्ट टीव्हीवर दिसतच नाही. ती म्हणजे सराव. कॅम्पमध्ये चालींची संख्या ठरलेली असते. त्यातल्या बहुतेक पहिल्या नंबरला, उरलेल्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्याला. चौथ्याच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. शिवाजी पार्कवर नेट प्रॅक्टिसला शेवटी पॅड बांधणाऱ्याला विचारा. त्याची पाळी येईपर्यंत उजेड गेलेला असतो, बॉलर दमलेले असतात आणि सरांचं लक्ष घड्याळाकडे. मग मॅचमध्ये तो लवकर आउट झाला की म्हणायचं, ‘संधी दिली होती.’

संधी कुणाला किती मिळते, हे ठरतं कशावरून? सरळ सांगायचं तर त्याच्यावर काय खर्च केलाय त्यावरून. एनएफएलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेली टीम पहिली निवड करते. कॉलेजातून आलेल्याला टीम निवडता येत नाही, आणि २०११ पासून त्याचा पगारही जवळपास नंबरवरूनच ठरतो. २०१० मध्ये पहिल्या नंबरवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच नंबरवर आलेल्या कॅम न्यूटनचा करार चार वर्षांचा, साधारण २.२ कोटींचा. २०२५ मध्ये पहिला आलेला कॅम वॉर्ड चार वर्षांत सुमारे ४.८८ कोटी डॉलर घेईल. १४४ व्या नंबरचा सँडर्स, सुमारे ४६ लाख. मालक एवढे पैसे ओतल्यावर वॉर्डला खेळवणारच, चुकला तरी खेळवणार. चुका करायची परवानगी हीसुद्धा एक प्रकारची कमाई आहे, आणि ती नंबरप्रमाणेच मिळते.

कॅम्पस प्लेसमेंटला बसलेल्यांना हे नव्याने सांगायची गरज नाही. मोठ्या कॉलेजचं नाव लावून आलेल्याला पहिल्या दिवशी प्रोजेक्ट आणि दुसऱ्याला दोन महिने एक्सेल शीट. नंतर दोघांचं अप्रेझल मात्र एकाच फॉर्मवर.

म्हणूनच सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची गोष्ट पुन्हापुन्हा सांगण्यासारखी आहे. २०२१ मध्ये या टीमने तिसऱ्या नंबरवर ट्रे लान्सला घ्यायचं म्हणून पहिल्या फेरीचे तीन पिक देऊन टाकले, वर एक तिसऱ्या फेरीचा. लान्सने कॉलेजात जेमतेम १७ मॅचेस सुरू केल्या होत्या. कोविडच्या वर्षात तर त्याला एकच मॅच मिळाली. तो अंगभूत गुणांवर घेतला गेला, अनुभवावर नाही. पुढच्याच वर्षी त्याच टीमने ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू उचलला, ब्रॉक पर्डी. शेवटच्या नंबरवाल्याला तिकडे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं खेळून आला होता. २०२२ च्या प्रीसीझनमध्ये त्याने कमावलं काय, तर तिसऱ्या नंबरची जागा. अनुभवी नेट सडफेल्डला सोडून टीमने त्याला ठेवलं. तेव्हा ती बातमी कुणी धड वाचलीही नसेल. मग लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये जिमी गरॉपोलोचा पाय गेला आणि पर्डी मैदानात आला. पुढच्या मोसमात तो वर्षाला नऊ लाख डॉलरहून कमी पगारावर टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २०२५ च्या मे महिन्यात त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार झाला.

लान्सचं काय झालं? दोन मोसमांत चार मॅचेस सुरू करायला मिळाल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, प्रीसीझनच्या शेवटच्या मॅचच्याच दिवशी, त्याला डॅलस काउबॉइजला देऊन टाकलं. बदल्यात चौथ्या फेरीतला एक पिक! गंमत म्हणजे लान्ससाठी दिलेल्या पिक्समधला १२ व्या नंबरचा पिक मायामी आणि फिलाडेल्फियाच्या हातातून फिरत डॅलसकडेच पोचला होता. त्यावर त्यांनी २०२१ मध्ये घेतला मायका पार्सन्स, आज लीगमधल्या सर्वोत्तम पास रशर्सपैकी एक.

आणि २०२५ च्या ऑगस्टमधली दुसरी मोठी बातमी याच पार्सन्सची होती. कराराची बोलणी फिसकटली म्हणून १ ऑगस्टला त्याने जाहीरपणे सांगितलं, मला ट्रेड करा. त्यानंतर रोज नवी अफवा येत होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पार्सन्सने ट्रेड मागितला तर ती ‘बेइमानी’, आणि टीमने लान्सला एका पिकसाठी दिला तर तो ‘व्यवहार’. करारात खास कलम नसेल, तर एनएफएलमध्ये खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं. कलम मिळवण्याची ताकद मोजक्या स्टार लोकांकडे असते. रूकीकडे नसतेच. ‘मला इथे नको’ म्हणणारा स्टार उद्धट वाटेलही, पण टीम रोज जे करते तेच तो एकदा करू बघतोय. पगाराची एकूण मर्यादा २०२५ मध्ये प्रत्येक टीमला २७.९२ कोटी डॉलर होती. या डब्यात सगळे बसवायचे तर कुणाला तरी बाहेर काढावंच लागतं, हे मान्य. मग खेळाडूनेही आपला हिशोब मांडला, तर नाकं का मुरडायची?

प्रीसीझन निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ज्याच्याकडे नंबर नाही, त्याच्यासाठी हीच एक खिडकी. २०१२ मध्ये सिअॅटलने मॅट फ्लिनला पैसे मोजून आणलं होतं. तिसऱ्या फेरीच्या, उंचीने कमी म्हणून नाकारल्या गेलेल्या रसेल विल्सनने प्रीसीझनमध्ये त्याची जागा घेतली आणि दोन मोसमांत सुपर बोल जिंकला. २०१६ मध्ये डॅलसचा टोनी रोमो प्रीसीझनच्या मॅचमध्येच पाठ धरून बसला, आणि १३५ व्या नंबरच्या डॅक प्रेस्कॉटने त्या मोसमात टीमला १३ विजय मिळवून दिले. २०२५ च्या ऑगस्टमधला ब्राउन्सचा पहिला नंबर, तो चाळिशीचा फ्लॅको, २००८ मध्ये बाल्टिमोरला रूकी होता. तिथे प्रीसीझनमध्ये एकाचा खांदा गेला, दुसरा आजारी पडला, म्हणून पहिल्या मॅचपासून खेळायला याला मिळालं. उलट २०२४ मध्ये दहाव्या नंबरवर आलेल्या जे. जे. मॅकार्थीचा गुडघा त्याच्या पहिल्याच प्रीसीझन मॅचमध्ये गेला आणि अख्खं वर्ष वाया. दरवेळी गुणवत्ता होतीच, पण दार उघडलं किंवा बंद केलं ते कुणाच्या तरी हाडाने.

आपण सगळे क्वार्टरबॅकबद्दलच बोलतोय, हेही जरा चुकतंच आहे. मंगळवारी, २६ ऑगस्ट २०२५ ला, ३२ टीम्सना आपली ९० जणांची यादी ५३ वर आणायची होती. म्हणजे एका दिवसात अकराशेहून जास्त पोरं बाहेर. कॅम्पमध्ये महिनाभर अंग मोडून घेतलेल्या या मुलांचा खरा पगार मोसम सुरू झाल्यावरच सुरू होतो. आधी मिळतो तो आठवड्याचा भत्ता. यादीत टिकला तर रूकीला २०२५ मध्ये किमान ८ लाख ४० हजार डॉलर. नाही टिकला, तर दुसऱ्या कुणी उचलतंय का याची चोवीस तास वाट बघायची. कुणीच नाही उचललं तर सराव पथक, तिथे २०२५ मध्ये आठवड्याला किमान १३ हजार डॉलर, तेही फोन आला तर.

सँडर्सला बहुतेक ठेवतील, असं तेव्हा दिसत होतं. त्याच्या नावाची जर्सी खपत होती, आणि पिकेटसाठी गिऱ्हाईक शोधणं सुरू असल्याची चर्चा होतीच. प्रश्न मंगळवारचा नव्हता, बुधवारचा होता. सरावाला पहिल्या फळीबरोबर त्याला किती चाली मिळतात, हे बघण्यासारखं होतं. पाच सॅकचे व्हिडिओ तोवर फिरतच राहणार होते. आणि जमलं तर त्या रॅम्सच्या मॅचमध्ये क्वार्टरबॅकसमोर उभ्या असलेल्या पाच जणांची नावं शोधून ठेवा. त्यातले किती जण त्या बुधवारी टीममध्ये होते, तेही मोजता येईल.