जुन्या यंत्राचे सोबती

यंत्र बाजारातून उठले की त्याचे आयुष्य सरले, असे आपण सहज समजतो. 'अमिगा' या संगणकाची हकीकत मात्र निराळी आहे. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्क येथे तो प्रथम लोकांपुढे आला, तेव्हा चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र त्यावर सर्वांसमक्ष रंगविले. १९९४ साली त्याची उत्पादक कंपनी कमोडोर बुडाली. पण चाहत्यांनी त्याची साथ सोडली नाही.

या निष्ठेचे मोल २०१४ साली दिसून आले. वॉरहॉल यांची काही संगणक-चित्रे पिट्सबर्गच्या संग्रहालयात जुन्या फ्लॉपींवर अडकून पडली होती. ती ज्या पद्धतीने साठविली होती, ती पद्धतच विस्मृतीत गेली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळाने ती उलगडून चित्रे परत मिळविली. २०२१ साली तर अमिगाच्या कार्यप्रणालीची ३.२ ही नवी आवृत्तीही निघाली.

आपल्या घरीही जुन्या फ्लॉपींवर कुणाचे लेखन, कुणाची पत्रे असतील. ती वाचू शकणारी यंत्रे आणि माणसे आहेत, तोवरच त्यांची नवी प्रत करून ठेवावी. यंत्रे जुनी होतात. त्यांत ठेवलेले मन जुने होत नाही.