खारट लाकडाचा धूर



आज एक कोडं घालते. एकाच जंगलातली दोन झाडं तोडली. एकाचे ओंडके ट्रकमधून कारखान्यात आले, दुसऱ्याचे समुद्रातून तरंगत आले. दोघांची साल भट्टीत जाळली. कुठला धूर जास्त विषारी?

समुद्रातून आलेल्याचा! तुम्ही म्हणाल, लाकूड तर एकच, मग फरक कसला? फरक आहे मिठाचा.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तिथे घनदाट जंगलं आहेत आणि किनाऱ्यावर कागदाच्या लगद्याचे कारखाने. ओंडके एकत्र बांधून समुद्रातून ओढत आणायची तिथली जुनी पद्धत. खाऱ्या पाण्यात साल मीठ शोषून घेते. कारखान्यात ती सोलून काढतात. मग वाया कशाला घालवायची, म्हणून बॉयलरमध्ये जाळतात. बॉयलर म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा थोरला भाऊच! बंबात पाणी तापतं, बॉयलरमध्ये त्याची वाफ करून ती कामाला लावतात.

आता गंमत नव्हे, धोका बघा. मिठात क्लोरीन असतो, लाकडात कार्बन. धूर धुराड्याकडे जाताना थंड होत जातो. साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला राखेच्या कणांवर या दोघांची गट्टी जमते आणि डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. ती गवतावर, पाण्यात उतरतात. गवत गाय खाते, विष तिच्या चरबीत आणि दुधात जातं. आपल्याही शरीरात ते वर्षानुवर्षं राहतं. यातल्या सर्वांत जहाल डायॉक्सिनमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केलं.

म्हणून २००१ मध्ये कॅनडाने खारट लाकूड जाळणाऱ्या बॉयलरांना मर्यादा घातली. नव्या बॉयलरच्या एक घनमीटर धुरात १०० पिकोग्रॅमपेक्षा जास्त डायॉक्सिन नको! पिकोग्रॅम म्हणजे केवढा? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक. एवढ्याशा विषाचीही मोजदाद करावी लागते, बरं का.

मग लाकूड वाईट का? मुळीच नाही. ओंडके पाण्यात न सोडता जहाजावर लादून आणले, तर सालीला मीठ लागत नाही. नैसर्गिक वायूत तर क्लोरीन जवळजवळ नसतोच. भट्टी किती कडक तापते, धूर किती लवकर निवतो, हेही महत्त्वाचं. पण पहिला प्रश्न एकच : भट्टीत घातलं काय?

हाच प्रश्न आपल्या घरातही विचारा. पीव्हीसी प्लॅस्टिकचं निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं असतं. पाण्याचे पाइप, वायरींवरचं आवरण बहुधा त्याचंच. काही जण तांबं काढायला जुन्या वायरी जाळतात. तिथे क्लोरीन असतो आणि तांबं डायॉक्सिन तयार व्हायला मदतच करतं! आणि त्या धुराला ना उंच धुराडं, ना मोजणारं यंत्र. शेजारी खेळणारी मुलंच तो हुंगतात.

डायॉक्सिन कमी करण्याच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. सरकारचं काम सरकार करील. तुमचं काम सोपं आहे. या आठवड्यात घरातला बंब, चूल, शेकोटी आणि गल्लीतला जळता कचरा बघा. प्लॅस्टिक दिसलं, तर जाळण्याआधीच बाजूला काढून भंगारवाल्याला द्या. आईबाबांनी ‘का रे?’ विचारलं, तर त्यांनाही हे कोडं घाला!