लाल दिवा संध्याकाळपर्यंत थांबत नाही

मैत्रिणींनो, दूध उतू जायला लागलं की आपण कुणाला विचारत बसत नाही, गॅस बंद करतो. मग गाडीत दिवा लागला की ‘संध्याकाळी हे आले की बघतील’ असं का?

तेलाच्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे इंजिनात तेलाचा दाब कमी झालाय. कडेला घ्या, इंजिन बंद करा. तसंच चालवत राहिलात तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता लागला असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि थांबा.

गॅरेजवाला मशीन लावून म्हणेल, ‘ताई, पी ०४२० आलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला.’ लगेच मान डोलावू नका. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. सायलेन्सरच्या पाइपातली गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड देऊ शकतो. ‘आधी काय काय तपासलंत?’ एवढं विचाराच. नुसता कोड पुसून दिवा विझवणं ही दुरुस्ती नव्हे.

‘बायकांना गाडीतलं काय कळतं?’ गाडीसोबत आलेल्या पुस्तकात दिव्यांची पानं आहेत. आज दुपारी तेवढी वाचा, मग विचारू दे कुणालाही.